टॉवर त्यांचा, चौपाटी यांची, पाणी कुणाचं?



जळगाव आणि धुळे या दोन शहरांमधलं अंतर शंभर किलोमीटरही नाही, पण एकमेकांच्या ताटात काय वाढलंय ते बघण्याची सवय फार जुनी आहे. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्जनं खानदेशचं मुख्य ठाणं धुळ्याला केलं आणि सरळ रेषेत पेठा आखल्या. आजही धुळ्यात पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. जळगावला रेल्वे आली, कापसाचा बाजार आला, आणि १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे झाल्यावर पूर्वेचं मुख्य ठिकाणही जळगावच झालं. धुळ्याची रेल्वे १९०० साली चाळीसगावहून निघाली ती धुळ्यातच थांबली, याचं शल्य तिथले जुने लोक अजून बोलून दाखवतात. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं तेही जळगावला. २००३ मध्ये मात्र बरोबरी झाली, एकाच वर्षी दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या चुरशीनं दोन रूपं घेतली आहेत. जळगावनं उंची धरली, धुळ्यानं नदीकाठ धरला. एकीकडे टॉवर, दुसरीकडे चौपाटी. निवडणुकीच्या सभेत, लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या बाकावर पुरुष मंडळी या विषयावर तासन्‌तास बोलतात. तुमच्याकडे काय आहे, आमच्याकडे बघा! आणि या बोलण्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हा मुद्दा कुणी काढलाच, तर तो विषयांतर म्हणून बाजूला पडतो.

काही मैत्रिणी विचारतील, इमारती आणि नदीकाठ हा स्त्रियांच्या चळवळीचा विषय कसा? हुंडा, मारहाण, दारू, रोजगार हे प्रश्न समोर असताना टॉवर कशाला? आमचं म्हणणं असं, की शहर सजवायचा खर्च शेवटी कुणाच्या कमरेवरून आणि डोक्यावरून वसूल होतो ते बघितलं, की उत्तर मिळतं. हे दोन शहरांच्या उदाहरणावरून जरा तपशिलात सांगायला हवं.

आधी जळगाव. तिथली महापालिकेची इमारत सतरा मजली आहे. लोक तिला नावानं ओळखतच नाहीत, ‘सतरा मजली’ म्हणतात. देशात कुठल्या नगरपालिकेची एवढी उंच इमारत नाही, असं अभिमानानं सांगितलं जाई. इमारत उंच असण्याला आमची हरकत नाही. पण जन्माचा दाखला, पाणीपट्टीची तक्रार, विधवा पेन्शनची चौकशी अशा कामांसाठी कडेवर मूल घेऊन आलेल्या बाईला लिफ्टच्या रांगेत उभं राहून इमारतीची भव्यता कशी दिसत असेल, याचाही विचार व्हायला हवा होता. सर्वांत जास्त लोकांचं काम पडतं ते टेबल तळमजल्यावर असावं, एवढी साधी गोष्ट आपल्याकडे वास्तुरचनेत मोडत नाही.

त्याच काळात, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जळगाव नगरपालिकेनं गरिबांसाठी घरकुल योजना काढली. ११ हजार ४२४ घरं बांधायची होती. हुडकोचं कर्ज काढलं. ठेका दिला, आगाऊ पैसे दिले. प्रत्यक्षात उभी राहिली ती साधारण दीड हजार घरं. बाकीच्यांचे नुसते सांगाडे, किंवा तेही नाही. ज्या जागांवर बांधकाम सुरू केलं त्यांच्या मालकीबद्दल आणि परवानग्यांबद्दलच प्रश्न निघाले. २००६ मध्ये तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. २०१२ मध्ये माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली. खटला चालला तो धुळ्याच्या विशेष न्यायालयात. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी निकाल लागला, ४८ जण दोषी ठरले. जैन यांना सात वर्षांची कैद आणि १०० कोटी रुपयांचा दंड झाला. पुढे अपिलं झाली, जामीन मिळाले, ते सारं वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे.

जळगावच्या घरांचा हिशेब धुळ्यात झाला म्हणून धुळ्याच्या कट्ट्यांवर बरीच टिंगल झाली. आम्हाला त्यातल्या दुसऱ्याच एका गोष्टीनं अस्वस्थ केलं. दोषी ठरलेल्या ४८ जणांत बहुसंख्य माजी नगरसेवक होते, आणि त्यांत नगरसेविकाही होत्या.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत स्त्रियांना ३० टक्के जागा मिळाल्या १९९० मध्ये. १९९३ मध्ये ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि एक तृतीयांश जागा घटनेनंच राखून ठेवल्या. म्हणजे घरकुलाचे ठराव झाले तेव्हा राखीव जागांवरून निवडून आलेल्या स्त्रियांची पहिली-दुसरी पिढी सभागृहात बसत होती. त्या काळात आपण सगळ्यांनी शिबिरं घेतली, नगरसेविकांना बोलायला शिकवलं, माईकसमोर उभं केलं. अर्थसंकल्प कसा वाचायचा, आगाऊ रक्कम देताना काय तारण घ्यायचं, ठरावावर विरोध नोंदवायचा तर तो कार्यवृत्तात लिहून कसा घ्यायचा, हे शिकवणारं मात्र त्या सभागृहात कुणी नव्हतं. पक्षाचे किंवा आघाडीचे नेते आदेश देत आणि हात वर होत. नवऱ्याच्या सांगण्यावरून सही केली, नेत्याच्या सांगण्यावरून हात वर केला, हे आपण समजून घेऊ शकतो. न्यायालय ते समजून घेत नाही, आणि घेऊही नये. सही बाईची असेल तर जबाबदारी बाईची.

इथे एक भेद करायला हवा. या निकालानंतर ‘बघा, बायकांना सत्ता दिली तर हे होतं’ असं म्हणणारे भेटले. ज्यांना ते भेटले असतील त्यांनी त्यांना विचारावं, की ४८ पैकी पुरुष किती होते? आरक्षणाविरुद्ध हा पुरावा मुळीच नाही. बिनमाहितीची सही किती महागात पडते याचा मात्र तो पुरावा आहे. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. म्हणजे पुढचा टॉवर, पुढची चौपाटी, पुढचं कर्ज हे सगळं आता निम्म्या बायकांच्या हातांनी मंजूर होणार आहे.

हुडकोच्या कर्जाचं ओझं जळगावच्या मानेवर २०१९ पर्यंत होतं. शेवटी राज्य सरकारच्या मदतीनं ते एकरकमी मिटवलं. मधल्या वर्षांत रस्ते, गटारी, दवाखाने, शाळा यांसाठी पैसे मागितले की कर्जाचं कारण पुढे येई. ज्या बाईला घरकुल मिळालं नाही, तिच्या वस्तीतली गटारही त्याच घरकुलाच्या कर्जापायी तुंबलेली राहिली. हा न्याय समजून घ्यायला अर्थशास्त्र लागत नाही.

आता धुळ्याकडे वळू. धुळ्याची पांझरा ही शहराच्या मधून जाते. एका बाजूला जुनं शहर, पलीकडे देवपूर. देवपूरच्या काठावर एकवीरादेवीचं देऊळ आहे, नवरात्रात आणि चैत्रात तिथे बायकांची रीघ लागते. या नदीत बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या धुणी धुतली, गोधड्या आपटल्या, वाळवणं घातली, आणि घरात बोलता येत नाही ते काठावर बसून बोलून घेतलं. नदीकाठ ही बायकांची जागा होती. ‘सार्वजनिक जागा’ हा शब्द माहीत नसताना होती. नदीचं गटार होत गेलं तसतशी ती जागाही गेली, आणि त्याची कुठे नोंद झाली नाही.

मग सुशोभीकरण आलं. अनिल गोटे आमदार असताना पांझरेच्या काठी चौपाटी उभी राहिली, खाण्यापिण्याचे स्टॉल आले, संध्याकाळी कुटुंबं जाऊ लागली. नदीच्या दोन्ही काठांनी रस्ते काढण्याचं कामही झालं. चौपाटीवरून वाद झाले, कोर्टकचेरी झाली, अखेर ते स्टॉल हटवले गेले. राजकारण्यांच्या एका गटाला ती हवी होती, दुसऱ्याला नको होती. हवी म्हणणाऱ्यांचं आणि नको म्हणणाऱ्यांचं, दोघांचंही म्हणणं छापून आलं. तिथे कढई ठेवून, भांडी घासून, चार पैसे मिळवणाऱ्या बायकांचं म्हणणं क्वचितच कुणी विचारलं.

वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं एक चांगली सोय करून ठेवली आहे. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असली पाहिजे, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधून निवडलेले असले पाहिजेत, आणि त्या प्रतिनिधींमध्ये एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. सर्वेक्षण झाल्याशिवाय विक्रेत्याला उठवता येत नाही. हे कलम किती गटांनी आपल्या शहरात वापरून पाहिलंय? ज्यांनी पाहिलंय त्यांनी अनुभव जरूर लिहून पाठवावा. भाजीवालीला उठवण्यासाठी पालिकेची गाडी येते तेव्हा कायद्याचं पुस्तक हातात असलं, तर निदान गाडी थोडा वेळ थांबते.

नदीला स्वतःचंही म्हणणं असतं. पाटबंधारे खातं पूररेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वर अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं आणि पांझरा काठ सोडून वाहिली, तेव्हा या रेषा कशासाठी असतात ते धुळ्यानं पाहिलं. निळ्या रेषेच्या आत राहतात ते कोण? हौसेनं राहायला गेलेलं तिथे कुणी नसतं. पूर ओसरल्यावर चिखल उपसणं, ओलं धान्य वाळवणं, रेशनकार्ड शोधणं कुणाच्या वाट्याला येतं तेही आपल्याला ठाऊक आहे.

आणि पाणी? धुळ्यात आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येणं हे वर्षानुवर्षं चाललं. तापीवरची योजना, नकाण्याचा तलाव, अक्कलपाडा, सगळ्यांची नावं प्रत्येक निवडणुकीत ऐकू आली. २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते शहराच्या पाणीयोजनेची पायाभरणीही झाली. पण गल्लीतली बाई शेजारणीला ‘पानी उनं का वं माय?’ असं विचारायची थांबली नाही. जळगावात वाघूर धरणाचं पाणी, तेही रोज नव्हे. शिवाय अमृत योजनेच्या जलवाहिन्यांसाठी खणलेले रस्ते तिथल्या बायकांनी कित्येक पावसाळे तुडवले. आठ दिवसांनी पाणी येणार असेल तर पिंप, टाक्या, हंडे लागतात. ते ठेवायला जागा लागते. नळ येईल त्या वेळी घरात कुणीतरी असावं लागतं, त्यासाठी कामावर खाडा होतो, मुलीची शाळा बुडते. हे तास कुठल्याच प्रकल्पाच्या अहवालात धरलेले नसतात. शहरानं पाणी साठवण्याचं काम बाईकडे सोपवलेलं असतं, फुकट.

हल्ली कुठल्याही शहरात नदीचा विषय निघाला की साबरमतीचं नाव येतं. पुण्यात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हाही आलं. अहमदाबादेत साबरमतीच्या दोन्ही काठांना सुमारे अकरा-अकरा किलोमीटरच्या भिंती बांधल्या, फिरायला रुंद पायवाटा केल्या. फोटो सुंदर येतात यात शंका नाही. तो काठ रिकामा करताना दहा हजारांच्या आसपास कुटुंबं उठली, त्यांतली पुष्कळ शहराच्या कडेला नेऊन टाकली. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं घर दहा-बारा किलोमीटर लांब गेलं की तिची चारपैकी तीन घरं सुटतात. बसभाड्यातच पगार जातो. पुनर्वसन झालं, घर पक्कं मिळालं, आणि काम गेलं.

पण आम्हाला खानदेशच्या मैत्रिणींना वेगळीच गोष्ट सांगायची आहे. साबरमतीत जे पाणी चमकतं ते साबरमतीचं नाही. ते नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं असतं. आणि नर्मदेचं ते पाणी अडवलं गेलं सरदार सरोवराच्या भिंतीमागे, जिथे महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावं बुडिताखाली आली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ही गावं. आज ती नंदुरबार जिल्ह्यात मोडतात, पण नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. मणिबेलीत पाणी शिरलं तेव्हा मणिबेली धुळे जिल्ह्यातच होती! मणिबेलीच्या बायका ‘डुबेंगे पर हटेंगे नहीं’ म्हणत पाण्यात उभ्या राहिल्या होत्या, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या, धुळ्याच्या जिल्हाधिकारी कचेरीवर धडकल्या होत्या. तुमच्यापैकी अनेकजणी त्यांच्या सोबत होत्या. आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांची घरं बुडवून जे पाणी तयार झालं, त्या पाण्याकडे बोट दाखवून आज सांगितलं जातं की असा नदीकाठ आपल्याकडेही करू या. हे ऐकताना आमच्या अंगावर काटा येतो. पांझरेत बारमाही पाणी दाखवायचं असेल तर तेही कुठूनतरी आणावं लागेल. ते कुणाच्या शेतातून, कुणाच्या हंड्यातून आणणार, हे आधी विचारायला हवं.

पांझरेच्या पाण्याची एक जुनी व्यवस्था होती, आणि काही गावांत तिचे अवशेष अजून आहेत. साक्री-धुळ्याच्या पट्ट्यात छोटे बंधारे बांधून पाणी पाटानं शेतात न्यायचं. शिवाराचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कुणाला कधी द्यायचं ते गावानं ठरवायचं, पाटकरी, हवालदार, जागल्या यांनी ते बघायचं. निदान तीनशे वर्षांची ही फड पद्धत. पाणीतज्ज्ञ तिचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. नदीचं पाणी वाटून घ्यायचं असतं, टंचाई आली तर ती सगळ्यांनी सारखी सोसायची असते, ही समज तिच्यात होती. तरीही जुनं ते सगळं सोनं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. फडाच्या पंचांत बाई नव्हती, कारण जमीन बाईच्या नावावर नव्हती. निंदणी तिची, पाण्याची पाळी मात्र नवऱ्याच्या नावानं. शहराचा नदीकाठ नव्यानं करायचाच असेल तर फडातलं वाटणीचं तत्त्व घ्यावं आणि पंचांच्या यादीत बदल करावा.

राहता राहिले टॉवर. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात मुंबई वगळता बहुतेक शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली लागू झाली. त्यानंतर जळगाव-धुळ्यासारख्या शहरांतही उंच इमारतींना वाट मोकळी झाली. महामार्गाच्या कडेला जाहिरातींचे फलक बघा. दर्शनी भागाला काच, नाव इंग्रजी, आणि चित्रात हिरवळीवर उभी असलेली एक गोरी बाई. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांनी जाड मातीच्या भिंतींनी जे साधलं होतं, ते काचेनं नेमकं उलटं केलं. ती काच तापते तेव्हा दुपारी घरात कोण असतं? पश्चिमेच्या बाजूला, टोकाला, जेवढी उरली तेवढ्या जागेत स्वयंपाकघर बसवणाऱ्या नकाशेकारानं एकदा मे महिन्यात तिथे पन्नास पोळ्या लाटून दाखवाव्यात. कपडे वाळत घातलेले दर्शनी भागात दिसू नयेत म्हणून सोसायट्या नियम करतात. गच्चीला कुलूप असतं. बिबड्या, कुरडया, पापड वाळवायचे कुठे? या वाळवणावर कित्येक बचतगट चालतात, कित्येक बायकांचा हंगामी पैसा त्यातून येतो. इमारतीच्या रचनेत बाईचं काम दिसूच नये अशी काळजी घेतलेली असते, मग ते काम आहे हेच लोक विसरतात.

घर नावावर असण्याबद्दलही थोडं. एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावानं घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. प्रधानमंत्री आवास योजनेतही घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे असावं असा नियम आहे. चांगलं झालं. १९९४ च्या महिला धोरणापासून आपण हेच मागत होतो. पण सवलतीसाठी नाव लावलं, आणि कागद कपाटात, किल्ली दीराच्या खिशात, असंही आपण बघतो आहोत. नवऱ्यानं घराबाहेर काढलं तेव्हा फ्लॅट आपल्याच नावावर आहे हे केंद्रावर आल्यावर कळलेल्या बायका आपल्याला भेटल्या आहेत. म्हणून सल्ला केंद्रातल्या कार्यकर्त्यांना विनंती, की मारहाणीची तक्रार लिहून घेताना घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न नक्की विचारा, आणि दुय्यम निबंधकाकडून कागदाची नक्कल काढून घ्या.

हे टॉवर बांधतं कोण, तेही पाहायला हवं. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल बायका डोक्यावर घमेली घेऊन चढतात. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्यानं पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं होतं. आपल्याकडच्या साइटवर पन्नास बायका एका हजेरीपटावर दाखवतो असा ठेकेदार आम्ही तरी पाहिलेला नाही. मुलं वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळतात, आणि ती वाळू गिरणेतून, तापीतून उपसलेली असते. परवानगीनं उपसलेली थोडी आणि रात्रीच्या ट्रॅक्टरनं नेलेली फार. नदीची वाळू गेली की काठच्या गावांतल्या विहिरी आटतात. मग त्या गावातली बाई दोन कोस चालते. शहरात मजला चढतो तेव्हा गावात विहिरीचं पाणी उतरतं.

शहराच्या अभिमानाबद्दल आम्ही सावध आहोत, याला एक जुनं कारणही आहे. १९९४ मध्ये जळगावात मुलींच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीला आलं. त्या वेळी राज्यभरातल्या स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या. मुलींचं काय होणार यापेक्षा शहराची बदनामी होतेय याची चिंता करणारे तेव्हा कमी नव्हते. जळगावच्या मुलींची लग्नं मोडतील, अशी हळहळही शहराच्या अब्रूच्याच भाषेत व्यक्त झाली. शहराचं नाव जपण्यासाठी बाईनं गप्प बसावं ही अपेक्षा तेव्हा होती, आणि नदीकाठाचा आराखडा बघून ‘यात बायकांसाठी मुतारी कुठे आहे?’ असं विचारलं की होणारी चिडचिड त्याच जातीची आहे.

मुतारीचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. मुंबईत २०११ पासून ‘राईट टू पी’ मोहिमेतल्या मैत्रिणींनी तो लावून धरला तेव्हा कुठे महापालिकांच्या कागदांवर तो आला. जळगावच्या मेहरूण तलावाकाठी किंवा पांझरेच्या रस्त्यानं संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या बाईला दोन तास तिथे थांबायचं असेल, तर दिवा, बाक आणि पाणी असलेली स्वच्छ मुतारी लागते. कारंजं नसलं तरी चालतं.

म्हणून एक काम सर्व गटांसमोर ठेवतो आहोत. शहराच्या विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होतं तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात, ठरावीक मुदतीत. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक अक्षरात येते. जमीनमालक, बिल्डर, त्यांचे वकील तिच्यावर डोळा ठेवून असतात. २०२३ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपून प्रशासक आले तेव्हा विचारायला नगरसेविकाही नव्हत्या, आणि सगळं टेबलावरच ठरत होतं. अशा वेळी हरकतीचा साधा अर्ज हेच हत्यार असतं. तो मराठीत, हातानं लिहिलेला चालतो. नकाशात आपली वस्ती शोधा, निळी रेषा कुठून जाते बघा, शाळेच्या आणि पाळणाघराच्या आरक्षणाचं काय झालं ते बघा, धोबीघाट आणि भाजीबाजार नकाशात आहेत की पुसले गेले ते बघा. पन्नास बायकांनी पन्नास अर्ज केले तर पन्नास जणींना सुनावणीला बोलवावं लागतं.

जळगाव आणि धुळ्याच्या गटांनी हे एकत्र करावं अशी आमची सूचना आहे. एका शहरातल्या बायकांनी दुसऱ्या शहराच्या आराखड्याचा अभ्यास करावा आणि आपल्याकडे काय फसलं ते तिकडे जाऊन सांगावं. घरकुलाच्या ठरावांच्या प्रती जळगावच्या मैत्रिणी माहिती अधिकारात मिळवू शकतील, आणि नव्या नगरसेविकांच्या शिबिरात त्याच पाठ म्हणून वाचता येतील. चौपाटीवरून उठलेल्या बायका पुढे कुठे गेल्या, काय विकू लागल्या, हे धुळ्याच्या गटानं घरोघर जाऊन लिहून काढावं. दोन्हीकडून एकेक नोंद आपल्या वॉर्डात नळ किती दिवसांनी आला याचीही हवी, सलग तीन महिन्यांची, तारखेसह. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.